फुंकणीला दम पुरेना

जानेवारीतला सोमवार होता. पावणेनऊला आरोग्य केंद्रात पोचले तेव्हा मामा दुसऱ्यांदा पायऱ्या झाडत होते. रात्रभर पाचटाची, म्हणजे उसाच्या जळलेल्या वाळक्या पानांची, काजळी पडली होती. लांबट, काळी, पात्याच्या शिरासुद्धा ओळखू याव्यात अशी, आणि बोट लावलं की मोडून पूड होणारी. बाहेर धुकं होतं आणि त्या धुक्याला जळकट वास होता.

वाळवा तालुक्यातल्या या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. कृष्णाकाठचा पट्टा, चारी बाजूंना ऊस. हंगाम सुरू झाला की फडामागून फड तुटतात आणि मागे उरलेलं पाचट रात्री पेटवलं जातं. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. वरच्या उबदार थराखाली ती कोंडून राहते, त्यामुळे धूर वर न जाता वस्तीतच पसरतो आणि पहाटे सगळ्यांच्या छातीत जातो. सोमवारच्या ओपीडीत पहिल्या तासातच आठ माणसं खोकत आली. त्यात चार वर्षांचा एक पोरगा होता, बरगड्या आत ओढत श्वास घेणारा. त्याला वाफ देत होते तेवढ्यात दारात छोटा टेम्पो थांबला.

मुलानं आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं. छप्पन वर्षांच्या आक्का. आडवं होता येत नव्हतं म्हणून बाकावर पुढं वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसल्या. नखं निळसर. ऑक्सिमीटरवर 81. छातीला नळी लावली तर सुईंसुईंसुद्धा ऐकू येईना. शिट्टी वाजणाऱ्या छातीपेक्षा अशा मुक्या छातीची मला जास्त धास्ती वाटते, कारण हवा आत-बाहेर करायचीच थांबत आलेली असते. आक्का ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत होत्या, चूल फुंकावी तसा. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ओठ असे आवळून श्वास सोडला की मिटू पाहणाऱ्या बारीक श्वासनळ्या थोडा वेळ उघड्या राहतात, आणि शरीर हा उपाय आपसूक शोधून काढतं.

औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर लावला, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन बेताचा सुरू केला. अशा जुनाट धापेत ऑक्सिजन भसाभसा सोडून चालत नाही, ऑक्सिमीटरचा आकडा 88 ते 92 च्या दरम्यान धरून ठेवावा लागतो. सिस्टर आणि मी आळीपाळीनं त्यांचा हात धरून बसलो. पाऊण तासानं आकडा 89 वर आला. छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. तो आवाज ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

108 ला फोन झाला होता, मिरजेला पाठवायचं ठरलं होतं. गाडी येईपर्यंत मी मुलाला नेहमीचे प्रश्न विचारले. विडी? नाही. मिश्री? पूर्वी लावायची, सोडली. टीबी? दोनदा बेडका तपासला, दोन्ही वेळा निगेटिव्ह. घरात कुणाला दमा? नाही. मी लिहीत होते आणि आक्कांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"म्याडम, मला काय झालंय त्ये मला दोन वर्सं ठावं हाय. फुकणीला दम पुरंना झालाय."

माझा पेन थांबला.

"आधी एका फुकीत जाळ उठायचा. मग दोन, मग चार. आता सूनबाई फुकती."

सिस्टरनं जुने केसपेपर काढून आणले. गेल्या दीड वर्षात आक्का याच केंद्रात तीनदा येऊन गेल्या होत्या. तिन्ही कागदांवर अक्षर माझं: 'खोकला, धाप. धूम्रपान नाही.' खाली खोकल्याचं औषध आणि पाच दिवसांच्या गोळ्या. धुराबद्दल मी एकच प्रश्न विचारला होता, विडीचा. रोज पहाटे त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर जो धूर होता, त्याची नोंद तिन्ही कागदांवर नव्हती. ओपीडीत शंभर माणसं होती, एकेकाला दोन मिनिटं मिळतात, हे सगळं खरं आहे. तरी तो प्रश्न विचारायला दहा सेकंद लागले असते, आणि ते मी दिले नाहीत.

गाडी गेल्यावर मुलगा टेम्पोपाशी रेंगाळला. रात्री घेऊन यायला उशीर का झाला, असं मी जरा रागानंच विचारलं. तो खाली बघत म्हणाला, भावकीतल्यांचं पाचट पेटवलं होतं, शेजारच्या उभ्या उसानं पेट घेऊ नये म्हणून तो पाण्याची मोटर चालू ठेवून बांधावर उभा होता. को 86032 या जातीच्या उसाचा फड तुटून गेलेला, खोडव्याला, म्हणजे तुटल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचं होतं आणि शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीचीच होती. घरी आला तेव्हा आई बसून होती. "सगळीच पेटवत्यात, म्याडम. पाचटात सरीला पाणी फिरत न्हाय, मान्सं मिळत न्हाईत."

त्याला उपदेश करावा असं मला वाटलं नाही. पण पुढच्या महिन्यात गावच्या बैठकीत कृषी सहायकांना बोलावून हा विषय काढला. एकरी तीनेक टन पाचट निघतं. ते सरीत पसरून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं तर त्याचंच खत होतं, ओल टिकते, तण कमी येतं. हे शेतकऱ्यांना माहीत नाही असं अजिबात नाही. अडतं ते कुट्टी करणाऱ्या यंत्राच्या भाड्यापाशी आणि रात्रीच्या विजेपाशी. त्या बैठकीनंतर चार जणांनी पाचट राखलं. चारच. पण त्यातला एक आक्कांचा मुलगा.

आक्कांना मिरजेला पाठवलं त्याच आठवड्यात गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंबरोबर मी त्यांच्या घरी गेले होते. पुढं सोपा, मागं पत्र्याचं सैपाकघर, त्याला वीतभर झरोका. डोळे सरावायला वेळ लागला. पत्र्याखालची वासे-आडवी डांबर फासल्यासारखी काळी आणि चकचकीत झाली होती. एका वाशावरून कोळ्याच्या जाळ्यांसारख्या काजळीच्या दोऱ्या लोंबत होत्या. मी हात लावला तर बोटाला चिकट लागलं. चुलीशेजारी शेणी, तुराट्या आणि पाचटाचा एक भारा. आणि कोपऱ्यात, फुलाफुलांचं कापड पांघरलेलं गॅस सिलिंडर. उज्ज्वला योजना 2016 साली आली, त्यानंतर इथं घरोघरी शेगड्या पोचल्या हे खरंच आहे. पण सिलिंडर भरायचं म्हणजे शेतातल्या बाईची तीन दिवसांची मजुरी. म्हणून गॅस पाव्हण्यांच्या चहाला, आणि भाकरी, कालवण, आंघोळीचं पाणी चुलीवर.

त्या काळ्या वाशाकडं बघताना मनात आलं, वाशाला आपण धुऊन तरी काढू. धुरातले सगळ्यात बारीक कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी. नाकातल्या केसांना किंवा घशातल्या चिकट्याला ते अडत नाहीत. थेट वायुकोशांत उतरतात, तिथून काही रक्तातही जातात. म्हणून चुलीचा धूर फक्त फुप्फुसावर थांबत नाही, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू, कमी वजनाची बाळं इथपर्यंत त्याचा हात पोचतो. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या कणांसाठी संघटनेची दिवसाची मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम, आपल्या देशाची 60. सांगली शहर 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे, तिथं निदान हवा मोजली जाते. आक्कांच्या सैपाकघरातली हवा कोण मोजणार? मोजमाप होतं ते त्यांच्या छातीतच.

महिनाभरानं त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, झाली. मी मुद्दाम सुट्टी टाकून मिरजेला बरोबर गेले. तंत्रज्ञ सांगत होता, "जोरात फुंका, फुंका, फुंका, थांबू नका!" आक्का नळी तोंडातून काढून माझ्याकडं वळल्या. "ह्यो तर फुकणीचाच खेळ की." मग डोळे मिटून, सगळं अंग आवळून त्यांनी फुंकलं. निरोगी माणूस एका दमात सोडलेल्या हवेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त हवा पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. आक्कांची निम्मीही आली नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं, तरी फरक पडला नाही. निदान सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. फुप्फुसाचं जे गेलं ते परत येणार नाही, आता उरलेलं जपायचं. इन्हेलर त्याला जोडायच्या नळकांड्यातून, स्पेसरमधून, कसा ओढायचा ते मी त्यांना सहा वेळा करून दाखवलं, सातव्यांदा त्यांनी मला करून दाखवलं.

आता माझ्या ओपीडीत खोकणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर एक ओळ जास्तीची असते: चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षं. आक्कांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. चाळीस वर्षं, रोज पाच तास. दोनशे. केंद्राच्या मागं रोज संध्याकाळी पालापाचोळा पेटवला जायचा, तोही थांबवला. मामा आता खड्ड्यात टाकतात.

परवा पुन्हा त्यांच्या घरी गेले होते. मागच्या भिंतीला मोठी खिडकी पाडली आहे, पाण्याची चूल परड्यात नेली आहे, सकाळच्या भाकऱ्या गॅसवर होतात. संध्याकाळच्या अजून चुलीवरच. आक्का सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या, ऑक्सिमीटरवर 93. सूनबाई आत जाळ घालत होती. फुंकणी खाली ठेवून ती पदरात खोकली आणि मला चहा विचारायला बाहेर आली.

"लग्नाला किती वर्षं झाली गं?"

"सहा."

"चुलीपुढं किती वेळ असतेस?"

ती थोडी थांबली, बोटं मोजली. "आता चारएक तास."

मी पिशवीतून कोरा केसपेपर काढला, वर तिचं नाव घातलं, आणि खाली लिहिलं: 24.