काटा हलत नाही, मग साजरं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून. "सहा आठवडे झाले. साखर बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, रोज सकाळी तळजाई. पण गेल्या पंधरा दिवसांत काटा तसूभर हललेला नाही. मग एवढं करून मिळालं काय?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक टेकडीवर ऐकू येतो. त्यावरचं ठरलेलं उत्तर असं: "आकड्याकडे बघू नका हो, हलकं वाटतंय ना?" मला हे उत्तर पटत नाही. हलकं तर जुलाब झाल्यावरही वाटतं. काट्यावर न दिसणारी प्रगती असते, पण तीही मोजावी लागते. कशाने मोजायची आणि मोजताना फसगत कुठे होते, ते सांगतो.

आधी काट्याचं बघू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोजच्या गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला २,८०० होतात आणि चरबी उतरते जेमतेम ३६० ग्रॅम. शरीरातलं पाणी मात्र दोन-तीन दिवसांत किलो-दोन किलो सहज वरखाली होतं. रविवारी सकाळी मिसळ, दुपारी पापड-लोणचं, रात्री बाहेर जेवण, की सोमवारी काटा वर. ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत असंच होतं. नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं, म्हणून जिमचा पहिला महिना बऱ्याच जणांना उलटा जातो. एवढ्या चढउतारात ते ३६० ग्रॅम दिसणार कुठून?

उलट बाजूही तितकीच फसवी. भात-पोळी एकदम कमी केली की पहिल्याच आठवड्यात दोन किलो जातात आणि घरात पेढे येतात. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं आणि लग्नाच्या एका पंगतीत परत येतं. ते पेढे जरा लवकरच आणलेले असतात.

म्हणून काटा माळ्यावर टाकायचा नाही, नीट वापरायचा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. रोजचा आकडा लिहायचा, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी, आणि ती ताडायची मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी. पाळी येणाऱ्यांनी चक्राचा दहावा दिवस मागच्या चक्राच्या दहाव्या दिवसाशी ताडावा, मधले दिवस सोडून द्यावेत. काटा सतरंजीवर ठेवायचा नाही. पेठांमधल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी बहुधा उंचसखल असते, काट्याचा एखादा पाय टेकतच नाही. सपाट जागा शोधून तिथे खडूने खूण करा.

आता काट्याला मुळातच न दिसणाऱ्या गोष्टी. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पुण्याचं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय पॅरडॉक्स' म्हणतात. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासात हे जन्मापासूनच दिसलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पण चरबी त्या मानाने राखलेली. म्हणजे आपल्याकडे वजन 'नॉर्मल' असूनही पोट सुटलेलं असू शकतं, आणि वजन तेवढंच राहूनही पोट उतरू शकतं. हे दुसरं घडतंय का, ते टेपच सांगते.

टेप म्हणजे शिंप्याची साधी टेप, ताणून सैल झालेली नको. बरगडीचा सगळ्यांत खालचा कंगोरा बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. या दोन्हींच्या बरोबर मध्ये, अंगाला लागून पण न आवळता टेप धरा. आरशात बघा, मागच्या बाजूने टेप खाली घसरते आणि तिथेच दोन-तीन सेंटिमीटरची चूक होते. श्वास नेहमीसारखा सोडला की त्या क्षणी वाचा. पोट आत ओढायचं नाही, हे सांगावं लागतं कारण सगळे ओढतात. बेंबीवरून मोजू नका; पोट लोंबत असेल तर बेंबीही खाली गेलेली असते. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. एका सेंटिमीटरचा फरक हाताच्या चुकीचा असू शकतो, दोन-अडीचचा फरक मानायला हरकत नाही. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्याहून सोपा नियम म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

आणि हो, "माझी कंबर चौतीस" असं सांगणाऱ्या पुरुषांनी एकदा टेप लावावीच. पँट पोटाच्या खाली बांधली जाते, त्यामुळे पोट कितीही वाढलं तरी पँटचा नंबर वीस वर्षं तोच राहू शकतो.

कपड्यांची साक्ष काढायची तर साक्षीदार निवडून घ्या. लेगिंग, ट्रॅक पँट, नाडीची सलवार, साडी, हे सगळे मवाळ साक्षीदार. न ताणणाऱ्या कापडाची, इलॅस्टिक नसलेली एक पँट बाजूला ठेवा आणि महिन्यातून एकदाच घालून बघा. शिवलेलं ब्लाउज त्याहून चोख. आत शिलाईसाठी कापड सोडलेलं असतं. दंडाला आणि बाजूला किती आत टीप मारावी लागली, ते शिंपी न विचारता सांगतो.

दम आणि नाडी हा माझा आवडता भाग, कारण इथे फरक लवकर दिसतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्यासाठी उत्तम, दगडी आणि कायम तेवढ्याच. नेहमीच्या चालीने, न थांबता चढा, वेळ लिहा. वर पोचल्या पोचल्या मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. एक मिनिट शांत उभं राहून पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक जसजसा वाढेल, तसतसं हृदय सावरायला शिकतंय असं समजा. समजा पहिल्यांदा एका मिनिटात नाडी १५२ वरून १३२ वर आली आणि दोन महिन्यांनी १४४ वरून ११२ वर, तर ही पार्टी करण्यासारखी बातमी आहे, काटा काहीही म्हणो. घरच्या जिन्यावरही जमतं, फक्त पायऱ्या दर वेळी तेवढ्याच हव्यात. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल अशी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडीचा आकडा दबलेला राहतो. त्यांनी वेळ आणि दम एवढंच बघावं. छातीत दुखत असेल किंवा थोड्याशा चालण्यानेही धाप लागत असेल, तर पर्वतीच्या आधी डॉक्टर.

ताकदीसाठी एक साधी खुर्ची घ्या, हात नसलेली, बैठक जमिनीपासून ४३ सेंटिमीटरच्या आसपास, पाठ भिंतीला लावलेली. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. काटा भराभर उतरतोय आणि हा आकडाही उतरतोय, असं असेल तर आनंद आवरा; चरबीबरोबर स्नायू चाललेत. कारण बहुधा ताटात असतं. वजन उतरवताना शरीराच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. सत्तर किलोच्या माणसाला सत्तर ते सत्त्याऐंशी ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात मिळतात, एका अंड्यातून सहा, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. वरण-भात-तूप आणि चमचाभर भाजी एवढ्यावर हा हिशेब जुळत नाही. मटकीची उसळ चमचाभर तोंडी लावण्यापुरती न घेता वाटीभर घ्या, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला.

जमिनीवरून उठणं हाही याच घरातला पुरावा. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. म्हणून तीन किलो उतरलेला माणूस आरशात तसाच दिसतो, पण पंगतीतून हात न टेकता उठतो.

रक्ताच्या तपासण्यांत घाई करू नका. एचबीए१सी रक्तातल्या साखरेची मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतं, तेव्हा महिन्याने पुन्हा करण्यात पैसे जातात, बाकी काही नाही. लोहाची कमतरता असेल तर ते खोटं वर दिसतं, हेही लक्षात असू द्या. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, यांचे आकडे मात्र साखर, मैदा आणि दारू कमी केल्यावर काही आठवड्यांतच खाली येतात. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, अर्धा तास आधी चहा नको, दंड हृदयाच्या पातळीला. मानेवरचा मखमली काळेपणा हा मळ नसतो, लिंबाने घासून जात नाही. तो बहुतेकदा इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असतो, आणि तो फिकट झाला तर ती चांगली बातमी.

काटा न हलता फायदा होतो, याला भारतीय पुरावाही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये केवळ आहार आणि चालण्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नव्हता.

मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रगती होते तसा तोच डोस जास्त पडू लागतो. घाम, थरथर, अचानक कडकडून भूक लागली तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर आधी साखर खा, नंतर डॉक्टरांना फोन करून डोसचं विचारा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपीच्या गोळीचं विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करणं हा साजरा करायचा प्रकार नव्हे.

काही पुरावे मी मोजतच नाही. चरबीचे टक्के दाखवणारा घरगुती काटा पायातून बारीक विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो. दोन ग्लास पाणी किंवा घामाघूम व्यायाम एवढ्यानेही तो अंदाज बदलतो. घड्याळातल्या 'जाळलेल्या' कॅलरी बघून वडापाव खायचा नाही, ते आकडे बरेच चुकतात. आणि नातेवाईक! "काय गं, आजारी होतीस का? चेहरा किती उतरलाय" हे ज्या मावशी म्हणतात, त्याच सहा महिन्यांपूर्वी "जरा सुटलीस हं" म्हणालेल्या असतात.

टेप, नाडी, खुर्ची, रिपोर्ट यांतलं दोन महिन्यांत काहीच हललं नाही, तर मात्र काट्याचं ऐका. तेव्हा कुठेतरी जास्त जातंय आणि बहुतेक घरांत ते तेलातून जातं. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल होतं, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. पुढचा डबा चाळीस दिवस पुरला तर चौघांनी मिळून काहीतरी कमावलंय.

साजरं कसं करायचं, ते आधीच ठरवून लिहून ठेवा: कमरेचे चार सेंटिमीटर गेले की अमुक, पर्वतीवर नाडी तीसने उतरू लागली की तमुक. आइस्क्रीम घातलेल्या मस्तानीला माझी हरकत नाही, पण दर आठवड्याच्या त्या २,८०० कॅलरींतून दोन दणकून जेवणं वजा केली की फार काही उरत नाही. मिळवलेली ताकद जिथे खर्च होईल असं बक्षीस जास्त रंगतं. गाडीने वर न जाता आतकरवाडीतून पायी सिंहगड, वर पिठलं-भाकरी. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला खुर्चीऐवजी भारतीय बैठक, आणि मध्यंतरात कुणाचा हात न धरता उठणं. नाहीतर लक्ष्मी रोडवरून ब्लाउजपीस, नव्या मापाने शिवायला.

एका प्रकारात मात्र काहीच साजरं करायचं नाही. आहार बदलला नाही, चालणं वाढलं नाही, आणि तरी सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं साडेतीन किलोंहून जास्त, तर सगळे "वा, बारीक झालात" म्हणत असले तरी त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉइड, क्षय किंवा त्याहून गंभीर काही आहे का, ते आधी बघावं लागतं.