अँटिलोप कॅनियन एका दिवसात: मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या नागपूरकरांसाठी

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईबाबा कधी ना कधी लास वेगासला पोचतातच, आणि तिथल्या हॉटेलात अँटिलोप कॅनियनचा, म्हणजे वाळूच्या खडकातल्या अरुंद घळींचा, तो केशरी-जांभळा फोटो त्यांना दिसतोच. आम्हीही तसेच गेलो: मी, हे, माझ्या मोठ्या जाऊबाई आणि आमची लेक. सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. जायचा विचार असेल तर नक्की जा, हे आधीच सांगते. फक्त दोन गोष्टी मनाशी धरा. कुठल्या घळीत उतरायचे ते फोटो बघून नाही, आपले गुडघे बघून ठरवा. आणि गाइड थांबा म्हणाली तर मुकाट्याने थांबा.

ही जागा लास वेगासच्या जवळ नाही, हे बुकिंग करताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ॲरिझोनातल्या पेज गावापर्यंत एका बाजूने साधारण ४४० किलोमीटर पडतात. म्हणजे नागपूरहून समृद्धीने संभाजीनगर गाठायचे, बघायचे ते बघायचे आणि त्याच रात्री घरी परतायचे, इतका पल्ला. लास वेगासहून सहलीची बस पहाटे उजाडायच्या आत निघते आणि परत यायला रात्रीचे आठ-नऊ होतात. स्वतः गाडी चालवण्याचा हट्ट करू नका, जावयालाही करू देऊ नका. दिवसभर उन्हात फिरून रात्री चार-साडेचार तास वाळवंटातून गाडी हाकणे वाईट. बसमध्ये निदान डोळा लागतो. पण जाताना व्हर्जिन नदीच्या खिंडीत मात्र झोपू नका. महामार्ग नदीला चिकटून वळत जातो आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कडे उभे असतात. ते वीसेक मिनिटांत संपते.

वेळेचा घोळ आधीच समजून घ्या. उन्हाळ्यात लास वेगास आणि पेज यांची वेळ एकच असते, पण मधे युटा राज्य लागते आणि तिथे घड्याळ एक तास पुढे. घळी आहेत नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या प्रदेशात. नवाहो उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, बाकीचे ॲरिझोना करत नाही. त्यामुळे फोन कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे वेळ पुढे-मागे उडी मारतो. घळीच्या सहली पेजच्या वेळेने चालतात, तीच वेळ धरायची. ह्यांच्या मनगटावर जुने किल्लीचे घड्याळ होते, त्याला यातले काही कळत नव्हते, म्हणून बसमधले लोक दिवसभर ह्यांनाच वेळ विचारत होते. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत जाल तर पेज लास वेगासच्या एक तास पुढे असते.

आता उन्हाचे. नागपूरचा मे काढलेल्या माणसाला पेजच्या उन्हाची धास्ती वाटत नाही. जुलैत तिथे ३६-३७ अंश असतात, आपल्याला त्याचे काय? पण पेज समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे, आपल्या चिखलदऱ्याहून उंच. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळायच्या आत सुकतो. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहा. टोपी आणि गॉगल हवाच. शिवाय एक सुती दुपट्टा घ्या. आपल्या पोरी मे महिन्यात गाडीवर निघताना तोंडाला बांधतात तसा तो घळीत बांधता येतो, कारण वरून वाऱ्याने बारीक वाळू सतत झरत असते. केसांत, कानांत, फोनच्या फटीत ती जाऊन बसते.

घळीत कुठलीही बॅग नेता येत नाही. पर्स नाही, पाठपिशवी नाही, सेल्फी स्टिक आणि स्टँडही नाही. पाण्याची बाटली आणि फोन चालतो. म्हणून खिसे असलेले कपडे घाला. जाऊबाईंना शुगर आहे, त्यांच्या गोळ्या आणि खडीसाखर ह्यांनी आपल्या खिशात ठेवली. औषधे बसमध्ये राहिली तर मधेच परत जाता येत नाही. घळीत स्वच्छतागृहही नाही, तेव्हा आत जाण्याआधी ते काम उरकून घ्या.

घळी मुख्य दोन, अप्पर आणि लोअर. आमच्या बसवाल्यांनी बुकिंगच्या वेळीच कुठली हवी ते विचारले होते. जाऊबाई आणि हे अप्परला गेले, मी आणि लेक लोअरला, त्यामुळे दोन्हीकडचे नीट सांगता येते.

अप्पर घळ तळाशी रुंद आणि वर अरुंद. आत चालायचे ते जवळजवळ सपाट वाळूवरून. सूर्याचे ते प्रसिद्ध झोत इथलेच. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारच्या आसपास, वरच्या फटीतून ते सरळ तळाशी उतरतात. त्यामुळे त्या वेळेची तिकिटे महाग असतात आणि फार आधी संपतात. तिथवर नेतात ते कोरड्या वाळूच्या पात्रातून, गाडीत बसवून. धक्के बसतात. कंबर दुखणाऱ्यांनी पट्टा बांधावा, जाऊबाईंनी बांधला होता. परतताना घळीतून मागे न येता बाहेरच्या बाजूने जिना आणि उताराची वाट आहे, तेवढे चढणे-उतरणे धरून चाला. जाऊबाई पाचवारी साडीत होत्या, पदराला पिना लावल्या, काही अडचण आली नाही.

लोअर घळ याच्या उलट, वर रुंद आणि तळाशी इतकी चिंचोळी की काही ठिकाणी एका वेळी एकच पाऊल मावते. वरून जमिनीत नुसती एक भेग दिसते. त्या भेगेतून उभ्या लोखंडी जिन्यांनी खाली उतरायचे आणि मग आतून वर वर चढत बाहेर पडायचे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी इथे येऊ नये. साडीही नको, सलवार किंवा पँटच बरी. पण पाय साथ देत असतील तर माझे मत लोअरला. घळ लांब आहे, वळणे जास्त आहेत, आणि वर रुंद असल्यामुळे उजेड सगळीकडे खेळतो. दोन्ही घळी एकाच दिवसात करायचा मोह टाळा. लास वेगासहून आलेल्या माणसाला तेवढा वेळच नसतो.

उतरण्याआधी आम्हाला वर थांबवले. पेजवर स्वच्छ निळे आकाश होते, ढगाचा ठिपका नाही. आमची गाइड, तिशीतली नवाहो मुलगी, वॉकीटॉकी कानाला लावून दक्षिणेकडे बघत होती. आमच्यातल्या एका गृहस्थांचा धीर सुटला. इतक्या लांबून आलो, पैसे भरले, पाऊस कुठे आहे, असे ते बोलू लागले. तिने आवाज न चढवता सांगितले की पाऊस इथे पडायची गरजच नाही. वरच्या बाजूला मैलोगणती उघडा खडक आहे, तो पाणी पीत नाही. तिकडे कोसळलेले सगळे पाणी या एका भेगेकडे धावते.

मग तिने १९९७ सालचे सांगितले. १२ ऑगस्टला घळीपाशी पाऊस जेमतेम होता, वादळ वर कित्येक मैलांवर फुटले होते. पाण्याचा लोंढा आला आणि लोअर घळीतले ११ पर्यटक गेले. त्यांचा गाइड तेवढा वाचला. तेव्हा आत लाकडी शिड्या होत्या, त्या वाहून गेल्या. आज जे लोखंडी जिने खडकात पक्के बसवले आहेत, ते त्या दिवसानंतरचे. गाइडशिवाय आत न सोडण्याचा नियमही १९९७ पासूनचा.

तिथे उभी असताना मला आपले नागपूर आठवत होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीचे पाणी झोपलेल्या लोकांच्या घरात शिरले, ते आपण कुणी विसरलेलो नाही. आणि आठवले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्याकडे आहे. नागपूरच्या आसपासचे खडक आणि त्यांतले जीवाश्म यांचा अभ्यास करणारा हा माणूस. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे बघायला गेला आणि घोड्यावरून परतताना फुगलेल्या नाल्यात बुडाला. खडक इतका जाणणारा माणूस नाल्याच्या पाण्याने नेला. पेजच्या भागातही जुलै ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्याला तिथले लोक मान्सूनच म्हणतात. आपल्याला तर हे कुणी समजावून सांगायला नको. आम्हाला अर्ध्या तासाने सोडले. सोडले नसते तरी तिचेच बरोबर होते.

आत उतरल्यावर पहिल्या काही पावलांत बोलणे आपोआप कमी होते. भिंती कुठेच सरळ नाहीत. पाणी जसे वळले, घुसळले, आदळले, त्याच आकारात खडक उरला आहे. हा वाळूचा खडक ज्युरासिक काळातला, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्यांचा. भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात ना, ते त्या टेकड्यांवर वाऱ्याने रचलेले थर. वाळू वाऱ्याने आणली, घळ पाण्याने कोरली. आपल्याकडे कामठी-सिलेवाड्याच्या बाजूला कोळशाच्या थरांवर जो वाळूचा खडक आहे, तो याहूनही जुना, आणि भूशास्त्रात त्याला कामठीचेच नाव आहे. तो नद्यांनी घातलेला. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण बघून वाढलेल्या मला वाळूचा दगड इतका मऊ असेल असे वाटले नव्हते. हात नुसता टेकवला तरी तळव्याला कण लागतात. म्हणूनच भिंतीला घासत चालू नका आणि पोरांना नखाने कोरू देऊ नका.

रंगांबद्दल लेकीने विचारले तेव्हा गाइडने छान दाखवले. ऊन भिंतीच्या वरच्या भागावर पडते, तिथून समोरच्या भिंतीवर उडते, तिथून आणखी खाली. खडकात लोहाचा गंज आहे, त्यामुळे प्रत्येक उडीत उजेड अधिक तांबडा होत जातो. जिथे ऊन पोचतच नाही आणि फक्त आकाशाचा निळा उजेड येतो, तिथे तोच खडक जांभळा दिसतो. फोनची सेटिंग गाइडकडून करून घ्या, त्यांना कुठल्या वळणावर काय टिपायचे ते पाठ असते. लोअरमध्ये वाऱ्यात केस उडणाऱ्या बाईचा आकार आहे, तो सांगितल्याशिवाय दिसत नाही. पण फोटो झाले की फोन खिशात टाका. मागून दुसरा गट येत असतो, थांबायला मिळणारे क्षण मोजके.

गाइडशी बोला. नवाहो स्वतःला डिने म्हणवतात. त्यांचा प्रदेश सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर, आपल्या विदर्भाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश. ‘याआतेह’ म्हणून नमस्कार केला तर चेहरा खुलतो. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने या लोकांना घरादारांतून हाकलून शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोत नेले. १८६८ च्या करारानंतर ते आपल्या भूमीत परतले. त्या बंदिवासात शिधा म्हणून मिळालेल्या मैद्यापासून आणि चरबीपासून त्यांचा फ्राय ब्रेड जन्मला. आज तो पेजमध्ये मिळतो, भटुऱ्यासारखा फुगलेला. शाकाहारी असाल तर कशात तळला ते विचारून घ्या, कुठे कुठे अजून डुकराची चरबी वापरतात. बसमध्ये मिळणाऱ्या डब्यासाठीही शाकाहारी असल्याचे बुकिंगच्या वेळी लिहून द्यावे लागते. आमच्याजवळ तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा आणि संत्रा बर्फी होती, थोडी बर्फी गाइडला दिली. नवाहो प्रदेशात दारू चालत नाही, ड्रोन चालत नाही. घळीच्या गाइडला आणि बसच्या चालकाला वेगवेगळी बक्षिसी द्यायची पद्धत आहे, त्यासाठी सुटे डॉलर जवळ ठेवा. त्यांच्या कमाईचा तो खरा भाग असतो, हात आखडता घेऊ नका.

दुपारी हॉर्सशू बेंड. कोलोरॅडो नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते आणि आपण कड्यावरून साधारण ३०० मीटर खाली बघतो. जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटर चालणे आहे, जाताना उतार आणि येताना चढ, वाटेत सावली फार थोडी. कठडा कड्याच्या काही भागालाच आहे. नातवंडे बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्या आपल्या माणसाचाही. जाऊबाई अर्ध्या वाटेवरच्या निवाऱ्यात बसल्या, तेच योग्य झाले. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, इथले पार्किंग पेज नगरपालिकेचे आहे, राष्ट्रीय उद्यानांचा पास त्याला चालत नाही.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा. नवाहो पार्कचे प्रवेशशुल्क तिकिटात धरले आहे की वेगळे, अप्पर की लोअर हे पक्के लिहून मिळते का, आणि हवामानामुळे घळ बंद झाली तर पैसे परत मिळतात का. त्याच रात्रीचे किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान ठेवू नका. गर्दी नको असेल तर त्याच पाण्याच्या वाटेवर कॅनियन एक्स नावाची घळ आहे, तिथेही नवाहो गाइडच नेतात. झोतांचा आग्रह नसेल तर हिवाळ्यात जा, रंग तेव्हाही असतात आणि माणसे कमी. फक्त सकाळी गोठवणारी थंडी असते, जाड स्वेटर लागेल. आणि घळ बंद झालीच तर पेजमध्ये बसून राहू नका. ग्लेन कॅनियन धरण गावाला लागूनच आहे, २१६ मीटर उंचीचे. ते बांधणाऱ्या कामगारांसाठी १९५७ मध्ये हे गाव वसले. धरणामागे लेक पॉवेलचे निळे पाणी तांबड्या खडकांत दूरवर पसरले आहे. ते बघायला गाइड लागत नाही.