रंग सगळ्यात शेवटी बघा: जुन्या लायोनेल डब्यांची व्हेरिएशन्स कशी ओळखायची

जुना मॉडेल ट्रेनचा डबा हातात आला की बहुतेक जण आधी रंगावरच बोलायला लागतात, अरे हा लाल वेगळाच आहे, नेहमीचा नाही, म्हणजे नक्की रेअर. मी अगदी उलट सांगेन, रंग सगळ्यात शेवटी बघा. रंग उन्हाने उतरतो, केमिकलने बदलतो आणि स्प्रेचा डबा घेऊन कोणीही नवीन मारू शकतं. आधी डबा उलटा करा. चाकं, कपलर (दोन डबे जोडणारा हूक), खालची फ्रेम, आतलं प्लॅस्टिक हे नीट बघा, कारण डब्याचं वय तिथे कळतं, आणि वय कळल्याशिवाय व्हेरिएशनबद्दल, म्हणजे एकाच डब्याच्या कारखान्यातूनच आलेल्या वेगवेगळ्या प्रकारांबद्दल, बोलण्यात काही अर्थच नाही असं माझं ठाम मत आहे.

इथे मी मुख्यतः अमेरिकेतल्या लायोनेल या खेळण्यातल्या ट्रेन बनवणाऱ्या कंपनीच्या ओ गेज (गेज म्हणजे रुळांच्या रुंदीचं माप) डब्यांबद्दल लिहितोय, तेही १९४५ ते १९६९ मधले, ज्यांना कलेक्टर लोक पोस्टवॉर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचे, म्हणतात. कंपनी तशी १९०० ची, पण व्हेरिएशनचा खरा खजिना मला या काळातच दिसतो, कारण याच काळात एकच डबा वर्षानुवर्षं बनत राहिला आणि त्याचे सुटे भाग मात्र मधूनमधून बदलत गेले.

ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धं काम झालं. डबा म्हणजे एक वस्तू नाही, तो सात-आठ भागांचा जोड आहे आणि प्रत्येक भागाची स्वतःची तारीख असते. त्या सगळ्या तारखा एकमेकींशी जुळतात का, एवढंच तपासायचं.

सुरुवात ट्रकपासून. ट्रक म्हणजे चाकं बसवलेली ती खालची फिरती जोडणी, आपण जिला बोगी म्हणू. १९४५ पासूनच्या ट्रकना स्टेपल-एंड म्हणतात, कारण बाजूने बघितलं तर आडव्या पट्टीचं टोक स्टेपलच्या पिनेसारखं दिसतं. १९५१ च्या आसपास बार-एंड आले, त्यात सरळ दांड्याचं टोक दिसतं. हे दोन्ही धातूचे. मग १९५७ पासून प्लॅस्टिकचे, एएआर नावाचे ट्रक सुरू झाले. बार-एंड त्यानंतरही काही वर्षं वापरात होते, म्हणजे १९५८ च्या डब्याला बार-एंड दिसले तर घाबरायचं कारण नाही, पण १९४८ च्या डब्याला प्लॅस्टिकचे ट्रक दिसले तर कोणीतरी नक्की बदललेत. ट्रक रिव्हेटने किंवा क्लिपने बसवलेले असतात, तिथे भिंग लावून बघा, ओरखडे, नवीन चकचकीत रिव्हेट, भोकाच्या कडेला उडालेला रंग, हे सगळं लगेच दिसतं.

मग कपलर, आणि इथे एक फार सुंदर गोष्ट आहे जी नवीन लोकांना माहीतच नसते. युद्धानंतरच्या पहिल्या कपलरमध्ये कॉइल असायची, रुळाच्या खास तुकड्यावरून एक सरकता शू वीज घ्यायचा आणि कपलर उघडायचं. १९४८ च्या सुमारास साधं मॅग्नेटिक कपलर आलं, रुळातलं मॅग्नेट खालची पट्टी ओढतं आणि कपलर सुटतं. हा बदल कंपनीने नंबरातही टाकला! २४५२ गोंडोला (वरून उघडा मालडबा) होता तो ६४५२ झाला, २४५६ हॉपर (खालून माल ओतणारा डबा) ६४५६ झाला, दुधाच्या कॅनचा डबा ३४६२ होता तो ३४७२ झाला. म्हणजे नुसता नंबर वाचला तरी खाली कुठलं कपलर असायला हवं ते कळतं. आणि गंमत म्हणजे न्यू हेवनच्या ए. सी. गिल्बर्ट कंपनीच्या अमेरिकन फ्लायर या ब्रँडनेही एस गेजमध्ये असंच केलं, लिंक कपलरवाले (साध्या कडीने जोडले जाणारे) डबे ६०० च्या मालिकेत आणि नकल कपलर (खऱ्या रेल्वेसारखं, वळलेल्या बोटांसारखं) आल्यावर तेच डबे ९०० मध्ये, ६४० हॉपर पुढे ९४० म्हणून मिळतो. दोन कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक पण पद्धत एकच.

बदलाच्या काळातले डबे मात्र सांभाळून बघावे लागतात. कारखान्यात उरलेले भाग फेकून देत नसत, संपेपर्यंत वापरत, त्यामुळे जुना भाग आणि नवा भाग एकाच डब्यावर आला तर ते खरंही असू शकतं. म्हणून मी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारतो, हे कारखान्यात कसं घडलं असेल? जुना भाग नव्या डब्यावर, ठीक आहे, उरलेला माल होता. नवा भाग जुन्या डब्यावर, तर मग तो भाग तेव्हा अस्तित्वातच नव्हता, विषय संपला.

आता ६४६४ बॉक्सकार, म्हणजे सरकत्या दरवाज्याचा बंद मालडबा. यावर थोडं जास्त लिहिणार कारण व्हेरिएशन शिकायला यापेक्षा चांगली मालिका नाही. १९५३ मध्ये सुरू झाली, पहिले चार म्हणजे वेस्टर्न पॅसिफिक, ग्रेट नॉर्दर्न, मिनियापोलिस अँड सेंट लुईस आणि रॉक आयलंड. नंतर वर्षानुवर्षं नवीन रेल्वेमार्गांच्या रंगात येत राहिले, आणि या काळात बॉडीचा साचा अनेकदा सुधारला गेला. बाजूला जे बारीक रिव्हेटचे उंचवटे आहेत त्यांच्या उभ्या रांगा बघा. पहिल्या साच्यात त्या बऱ्याचशा पूर्ण आहेत, पण अक्षरं छापताना रिव्हेट मध्ये यायचे आणि छपाई नीट बसायची नाही, म्हणून पुढच्या साच्यात जिथे अक्षरं येतात तिथले रिव्हेट काढले. कलेक्टर यावरूनच टाइप १, २, ३, ४ अशी बॉडीची वर्गवारी करतात. दरवाजेही बदलले, सुरुवातीच्या दरवाज्यावर एकच मोठा चौकोन, आणि १९५५ पासून लहान लहान अनेक चौकोन.

याचा उपयोग कुठे होतो ते ब्लू फेदरवरून, म्हणजे निळं पीस असलेल्या डब्यावरून, बघा. १९५४ ची ६४६४-१०० वेस्टर्न पॅसिफिक साधारणपणे चंदेरी रंगाची, बाजूवर लांबलचक पिवळं पीस. पण त्याच नंबरात थोडे डबे नारिंगी रंगात निळं पीस असे आले, आणि त्यांच्यामागे लोक वेडे आहेत. पुढे १९६६ मध्ये कंपनीने नारिंगीवर निळं पीस पुन्हा काढलं, पण नंबर ६४६४-२५०. म्हणजे लांबून दोन्ही सारखेच, फरक फक्त नंबराचा, आणि दोन आकडे बदलणं फार अवघड नाही. अशा वेळी नंबरावर नजर लावून बसू नका. खाली ट्रक बघा, १९५४ च्या डब्याला धातूचे बार-एंड हवेत. दरवाजा बघा, एक चौकोन की अनेक. आता कोणी म्हणेल की ट्रकही बदलता येतात आणि दरवाजेही, बरोबर आहे, आणि बॉडी फ्रेमला स्क्रूने बसवलेली असते त्यामुळे अख्खी फ्रेमसुद्धा बदलता येते. पण रिव्हेटच्या रांगा साच्यातून आलेल्या असतात, त्या १९६६ च्या बॉडीवर १९५४ सारख्या करता येत नाहीत. ज्या भागाशी छेडछाड करणं सगळ्यात कठीण त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवायचा, एवढं साधं आहे.

याच न्यायाने काही गाजलेल्या व्हेरिएशन्सबद्दल मी कायम साशंक असतो. ६५२० सर्चलाइट डब्यावरचा जनरेटर हिरवा असेल तर दुर्मिळ, नारिंगी किंवा मरून असेल तर सहज मिळणारा. पण जनरेटर हा वेगळा बसवलेला भाग आहे! १९४६ च्या एक्स२४५४ पेनसिल्व्हेनिया बॉक्सकारचे नारिंगी दरवाजेही तसेच, नेहमीचे ब्राऊन असतात, आणि दरवाजे काय काढता-घालता येतात. असे डबे खोटेच असतात असं मी म्हणत नाही, पण फक्त एका सुट्या भागावर दुर्मिळपणा टिकून असेल तर बाकी डब्याचं वय, झीज, धूळ हे सगळं त्या भागाशी जुळलंच पाहिजे.

अक्षरांकडे वळू. हीट स्टॅम्प केलेलं (गरम ठशाने छापलेलं) अक्षर प्लॅस्टिकमध्ये किंचित दबलेलं असतं, रबर स्टॅम्प सपाट असतो, डीकॅलची (वरून चिकटवलेल्या छापील अक्षराची) कड तिरक्या उजेडात दिसते. टॉर्च अगदी आडवी धरून बाजूने उजेड टाका. कोणी जर म्हणालं की या डब्यावर एका बाजूला छपाईच झाली नाही, फॅक्टरी एरर आहे, तर तिथेच ही टॉर्च लावा, हीट स्टॅम्पचा रंग पुसला तरी दबलेली खूण बऱ्याचदा राहते. आणि खरी फॅक्टरी एरर असली तरी मी तिला व्हेरिएशन मानत नाही, तो एकच चुकलेला डबा, व्हेरिएशन म्हणजे कारखान्यातून त्या प्रकारचे अनेक डबे गेलेले असले पाहिजेत.

आणि आता रंग. ६४६४-१७५ रॉक आयलंड चंदेरीवर निळी अक्षरं, काळी अक्षरं असलेला दुर्मिळ, पण पिवळ्या बल्बखाली गडद निळा काळाच दिसतो, म्हणून दिवसाच्या उजेडातच बघा. ६४५६ हॉपर चकचकीत लालमध्ये पिवळ्या अक्षरांचा आणि पांढऱ्या अक्षरांचा, पांढरा जास्त दुर्मिळ, आणि पिवळं फिकट पडलं की पांढरट दिसतं हे विसरू नका. बॉक्सकारचा दरवाजा सरकवा आणि जो भाग कायम झाकलेला होता तिथला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघा, फरक दिसला तर ते उन्हाचं काम. बॉडी आतून बघा, प्लॅस्टिक मुळात कुठल्या रंगाचं आहे आणि वरचा रंग मारलेला आहे की प्लॅस्टिकचाच आहे, कारण आतल्या प्लॅस्टिकचा रंग हेसुद्धा खरं, मोजलं जाणारं व्हेरिएशन आहे. यूव्ही टॉर्चखाली नंतर मारलेला रंग बऱ्याचदा मूळ रंगापेक्षा वेगळा चमकतो. १९५७ च्या गर्ल्स सेटच्या (मुलींसाठी काढलेल्या, गुलाबी इंजिनाच्या सेटच्या) डब्यांसाठी, म्हणजे फिकट निळा ६४६४-५१० आणि पिवळा ६४६४-५१५, हे मी न चुकता करायला सांगेन कारण ते रंग पुन्हा मारण्याचा मोह लोकांना फार होतो.

मूळ खोका असेल तर छानच, पण खोक्यावरचा नंबर खोक्याबद्दल सांगतो, आतला डबा दुसरा असू शकतो.

नोंद ठेवताना नुसतं "रेअर लाल" असं लिहू नका. बॉडी टाइप, आतल्या प्लॅस्टिकचा रंग, वरचा रंग, अक्षरांचा प्रकार आणि रंग, दरवाजा, ट्रक, कपलर, या क्रमाने लिहा, आणि अवस्था वेगळी लिहा, त्यासाठी १९५४ पासून चालत आलेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची गुड, व्हेरी गुड, एक्सलंट वगैरे ग्रेडिंग सगळे वापरतात. जो भाग बदललेला आहे असं वाटतं तोही स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे तो डबा ज्याच्याकडे जाईल त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं शोधत बसावं लागणार नाही.