आजीची वाटी

आज अमळनेरजवळच्या एका गावात गृहभेटीला गेले. बाळ तीन महिन्यांचं, झोळीत. आजी वाटी-चमच्यानं पाणी पाजत होती. "ताई, पोऱ्याले तीस (तहान) लागनी व्हई ना!"

आजीची माया खरीच, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन काही विचारू नका. पण आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत भर उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. उलट इवलंसं पोट पाण्यानं भरतं, दूध कमी पडतं, पाणी दूषित असलं तर जुलाब. सुनेला म्हटलं, बाळ मागेल तेव्हा अंगावर पाज, तुझा तांब्या जवळ ठेव.

निघताना खाटेखाली कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली दिसली. थोरलं दोन वर्षांचं, दिसेल ते तोंडात घालणारं! बाटली कुलुपात गेल्यावरच निघाले.