हात वर केले तेव्हा २१, पेटीत ८

२०२४ च्या विधानसभेला माझी मतदान अधिकारी म्हणून ड्युटी लागली होती, सही घ्यायची आणि शाई लावायची ते टेबल माझ्याकडे. दोन दिवसांनी वर्गात आले तर चौथीतल्या पोरांचा पहिला प्रश्न, "बाई, तुम्ही कोणाला मत दिलं?" म्हणलं ते सांगायचं नसतं. "का?" गुप्त असतं म्हणून. "पण का गुप्त असतं?" आता याला मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं, त्यांना ते अजिबात पटलं नाही हे तोंडावरून दिसत होतं, मलाही फारसं पटलं नव्हतं. मग ठरवलं की आपल्याच वर्गात मॉनिटरची निवडणूक घ्यायची, आणि दोनदा घ्यायची, एकदा हात वर करून आणि एकदा पेटीत चिठ्ठी टाकून. माझ्या डोक्यात होतं की निकाल साधारण सारखाच येईल, एखाददुसरं मत इकडेतिकडे, आणि मग "बघा, दोन पद्धती असतात" असं सांगून तास संपवायचा.

तीन उमेदवार उभे राहिले. नावं लिहीत नाही, चिन्हांनीच ओळखू. चिन्हं त्यांनाच काढायला सांगितली होती, फक्त घड्याळ, हत्ती, सायकल, इंजिन असलं काही चालणार नाही म्हणलं, नाहीतर घरी जाऊन सांगतील आज बाईंनी घड्याळाला मत द्यायला लावलं आणि मग माझं काय होईल ते तुम्हाला माहितीच आहे. तर रॉकेट, कासव आणि खोडरबर. एकजण म्हणाला चिन्ह कशाला, नावच लिहू ना. वर्गात दोन-तीन मुलं अजून अडखळत वाचतात, त्यांच्याकडे न बघता मी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीचं सांगितलं, की तेव्हा बहुतेक मतदारांना वाचताच येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह, ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. हे त्यांना भारी आवडलं. आणि नाव हाताने लिहायला मी नाही म्हणलं त्याला अजून एक कारण होतं, मला सगळ्यांची अक्षरं ओळखू येतात!

प्रचाराला दहा मिनिटं. रॉकेट म्हणाला रोज खेळाचा तास देईन (हे त्याच्या हातात नाही, माझ्याही नाही). खोडरबरवाल्याने तर घरून खरीखुरी खोडरबरं आणली होती वाटायला, ती जप्त करावी लागली, आचारसंहिता म्हणजे काय हे समजवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं पण पोरगा बिचारा हिरमुसला. कासव फक्त एवढंच म्हणाली की मी फळ्यावर कुणाचं नाव लिहिणार नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या दिवशी २७ हजर. हात वर करून मोजलं: रॉकेट २१, कासव ४, खोडरबर २. रॉकेट आधीपासून माझा मॉनिटर होताच, हुशार, वह्या गोळा करून देतो, मी वर्गाबाहेर गेले की बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून ठेवतो. म्हणलं बरोबरच आहे.

मग खरं मतदान. पुठ्ठ्याचा आडोसा, बुटाचं खोकं ही पेटी, पेनच्या टोपणाला स्टॅम्प पॅडची शाई लावून चिन्हासमोर गोल शिक्का मारायचा. डाव्या हाताच्या तर्जनीला मार्करची रेघ. एकीने विचारलं, "ज्याला ते बोटच नसेल त्याला?" मग डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या हाताचं, याचा नियम खरंच आहे, हे सांगितल्यावर पाच मिनिटं सगळे एकमेकांची बोटं मोजत बसले. दुसरा म्हणाला मला तिघंही नकोत. म्हणून मतपत्रिकेवर चौथा रिकामा चौकोन टाकला, नोटा, आपल्याकडे तो २०१३ पासून आहे. आणि "आम्हाला खरं मत कधी?" १८ पूर्ण झाल्यावर. १९८९ च्या आधी २१ लागायचे हे ऐकून सगळ्यांना एकदम आपण नशीबवान असल्यासारखं वाटलं.

आडोशामागे जाऊन काही पोरं इतका वेळ लावत होती की मागून ओरडा चालू. एकजण बाहेर आला आणि परत आत गेला, शिक्का मारायचाच विसरला होता.

मोजणी टेबलावर, सगळे गोल करून. घोळ झाला तो शेवटच्या काही चिठ्ठ्यांत, एका चिठ्ठीवर दोन गोल निघाले, एक रॉकेटसमोर गडद आणि एक कासवासमोर फिकट. शाई ओली असताना घडी घातली होती त्यामुळे एक शिक्का दुसरीकडे उमटला असणार, पण गोल तो गोल, उलटा काय आणि सुलटा काय. खऱ्या मतपत्रिकेवरचा शिक्का साधा गोल न ठेवता एका दिशेला वळलेल्या बाणांच्या फुलीसारखा का असतो ते मला त्या क्षणी टेबलाशी उभं राहून कळलं, तो घडीत उमटला तर उलटा दिसतो आणि खरा कुठला ते ओळखता येतं. इतकी वर्षं तो शिक्का बघतेय आणि कधी विचार केला नव्हता.

पोरांच्यात भांडण सुरू. गडद तो खरा, म्हणजे रॉकेटचं, असं अर्धे. कदाचित त्याने मुद्दाम दोघांना दिलं असेल, असं बाकीचे. मी सवयीने तोंड उघडलं, "कोणाची आहे रे ही..." आणि मागच्या बाकावरचा एकजण उठायलाच लागला, तेवढ्यात अख्खा वर्ग ओरडला, "सांगू नको! सांगू नको!" शेजारणीने तर त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवला. मी गप्प. चिठ्ठी बाद.

कासव १२, रॉकेट ८, खोडरबर ५, नोटा १, बाद १. बेरीज पोरांनीच दोनदा केली.

वर्ग शांत झाला आणि मीही. अर्ध्या तासापूर्वी २१ हात मी स्वतः मोजले होते. विचारलं, असं कसं झालं रे? कुणी बोलेना. मग पहिल्या बाकावरची एक, जी वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल, म्हणाली, "बाई, हात वर केल्यावर तो बघतो ना. मग उद्या फळ्यावर नाव लिहितो." आणि जरा थांबून, "आणि तुम्ही पण बघता."

मी बघत होते, खरंय. रॉकेटला हात वर आले तेव्हा मी बहुतेक हसलेही असेन. नावं लिहायचं काम त्याला मीच दिलेलं, त्याने ते मन लावून केलं, आणि आता पडला तो, मी नाही. तो रडला नाही पण कान लाल झाले होते. सुट्टीत त्याला बोलावून म्हणलं की नावं लिहायला मी सांगितलं होतं, चूक माझी. त्याने विचारलं, "मग आधी हात का वर केले त्यांनी?" मी म्हणलं तूच विचार कर. तसं बोलायला नको होतं बहुतेक, सरळ सांगायला हवं होतं.

कासवाने दुसऱ्या दिवशी खडू-डस्टर ताब्यात घेतलं. मी बाहेर गेले की आता वर्गात जास्त आवाज येतो हे खरं आहे, शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा ऐकवलंय मला.

चिठ्ठ्यांचं काय करायचं विचारलं पोरांनी. म्हणलं खऱ्या निवडणुकीत सील करून ठेवतात. मग पाकिटात घालून चिकटपट्टी लावली आणि तिघा उमेदवारांनी वरून सह्या केल्या. पाकीट माझ्या कपाटात आहे. दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी वह्या ठेवायच्या निमित्ताने येतं आणि चिकटपट्टी तशीच आहे ना ते बघून जातं.