दोनदा आलेली सोळा पानं

मी ग्रंथालयात काम करते आणि गेली सहा वर्षं आमच्या पुस्तक महोत्सवातल्या लेखक-वाचक भेटींचं काम माझ्याकडे आहे. कोण किती वाजता, कुठल्या हॉलमध्ये, माइक कुणाच्या हातात, सह्यांची रांग कुठून वळवायची, सगळं मीच बघते. महोत्सव छोटाच आहे, दोन दिवसांचा, २३ एप्रिलच्या जवळचा शनिवार-रविवार धरून (युनेस्कोनं १९९५ मध्ये तो दिवस पुस्तक दिन म्हणून ठरवला तेव्हापासून बरेच जण याच सुमारास करतात). कुणी छोटा म्हणून हिणवलं की मी हे-ऑन-वायचं उदाहरण देते, वेल्समधलं दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं, तिथं १९८८ मध्ये महोत्सव सुरू झाला आणि आज जगभरचे लेखक तिथं जातात. गाव लहान आहे म्हणून वाचक कमी पडले असं काही तिथं झालं नाही.

तर मुद्दा सह्यांच्या रांगेचा. आमचं सेशन एक तासाचं असतं, पंचेचाळीस मिनिटं गप्पा, पंधरा मिनिटं प्रश्न, मग बाजूच्या टेबलावर सह्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सही म्हणजे काय, दोन सेकंद. पण माणूस लेखकासमोर आला की थबकतो, काहीतरी बोलतो, एका माणसाला एक मिनिट धरलं तरी साठ जणांचा तास जातो. म्हणून आमचे व्हॉलंटिअर रांगेतच पुस्तकाचं नावाचं पान उघडून ठेवतात आणि कुणाच्या नावानं सही हवी ते चिठ्ठीवर लिहून आत सरकवतात, म्हणजे ‘ज्योत्स्ना कसं लिहायचं’ यात वेळ जात नाही. हे सगळं मीच बसवलं आणि मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

त्या रविवारी एका कादंबरीकार मॅडमचं सेशन होतं. नाव नाही सांगत, त्यांना आवडणार नाही. सेशन छान झालं, रांग भराभर पुढे सरकत होती, आणि सव्वाबाराच्या सुमारास साठीच्या पुढचे एक काका टेबलाशी आले. हातात कादंबरीची जुनी, खूप हाताळलेली प्रत. आमच्या व्हॉलंटिअरनं नावाचं पान उघडून दिलं होतं, त्यांनी ते मिटलं आणि मधलं एक पान काढलं.

म्हणाले, ‘मॅडम, सही नंतर. मला एवढंच विचारायचंय, ती रात्र तुम्ही दोनदा का लिहिलीत?’

मॅडमना कळलंच नाही. मलाही नाही. मी कादंबरी वाचली होती (सेशन ठरवायच्या आधी मी वाचतेच, त्याशिवाय बोलवत नाही) आणि त्यात मोठा भाऊ घर सोडून जातो ती रात्र एकदाच येते.

काकांनी पुस्तक वळवून समोर धरलं. पान ८१ ते ९६, ती रात्र. पुढे पुन्हा पान ८१, तीच रात्र, तेच शब्द, ९६ पर्यंत. आणि त्याच्या पुढे थेट ११३.

मला लगेच कळलं कारण ग्रंथालयात अशी पुस्तकं हातात येतात. पुस्तक छापताना सुटी पानं नाही छापत, एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापतात आणि घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणतात. मग बाइंडिंगला फर्मे क्रमानं उचलून एकावर एक ठेवायचे. चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते, ती फर्म्यागणिक थोडी खाली सरकलेली, त्यामुळे सगळे फर्मे जुळले की पाठीवर खुणांची तिरकी रांग दिसते आणि एखादा चुकला की रांग तुटते. या प्रतीत सहावा फर्मा दोनदा बसला होता आणि सातवा नव्हताच. एवढंच. पाठीला गोंद लागून कव्हर चढलं की त्या खुणा झाकल्या जातात, मग पानं उलटल्याशिवाय काही कळत नाही.

बरं, पानं उलटूनही काकांना कसं कळलं नाही? कारण योगायोग असा की ते प्रकरण नेमकं ८१ वर सुरू होऊन ९६ वर संपतं आणि सातव्या फर्म्यातलं प्रकरणही ११२ वर संपतं. एकही वाक्य तुटत नाही. प्रकरणांना नंबर नाहीत, अनुक्रमणिका नाही.

मी बोलायला तोंड उघडलं होतं, ‘काका, ही प्रत खराब आहे, बदलून देतो’, प्रकाशकांचा माणूस तिथंच स्टॉलवर होता, खराब बांधलेली प्रत बदलून मिळते, दोन मिनिटांचं काम. पण काका बोलायला लागले होते.

म्हणाले, मी हे पुस्तक चार वेळा वाचलंय. पहिल्यांदा ती रात्र परत आली तेव्हा वाटलं काहीतरी चुकलं. मग वाटलं, नाही, धाकट्याला झोप येत नाहीये, तो तेच तेच आठवत पडलाय, माणसाचं असंच होतं. आणि ९६ वरून ११३, तर मला वाटलं मधली वर्षं गेली म्हणून आकडेही पुढे गेले. भाऊ परत आलाच नाही.

त्यांनी दोन्ही वेळच्या पानांवर पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. मॅडम त्या बघत बसल्या. पहिल्या सोळा पानांत खुणा सगळ्या मोठ्या भावाच्या बोलण्यावर होत्या. दुसऱ्या सोळा पानांत त्यातलं एकही वाक्य नाही, तिथं आईच्या हालचालींवर खुणा, ती दिवा विझवते, परत लावते, दाराची कडी बघून येते. तीच पानं, आणि माणसानं दुसऱ्यांदा वाचताना वेगळ्याच माणसाकडे बघितलं होतं. दोनदा वाचावं वगैरे आपण नेहमी म्हणतो, पण दोन्ही वाचनं शेजारी शेजारी अशी कागदावर मी कधी बघितली नव्हती.

मॅडमनी त्यांना खरं सांगितलं. अगदी हळू, त्यांचा हात धरून. चूक बाइंडिंगची आहे, मधे एक प्रकरण आहे, त्यात मोठा भाऊ एका दुपारी तासभरासाठी घरी येतो, वडील नसताना.

काका गप्प. मग म्हणाले, ‘येतो होय.’

प्रकाशकांच्या माणसानं नवी प्रत आणली, काकांनी ती घेतली नाही. चष्मा घरी विसरलोय, आज वाचताही येणार नाही म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, वाचून दाखवू का?

आता माझी अडचण सांगते. एक वाजता त्याच हॉलमध्ये पुढचं सेशन होतं. सोळा पानं म्हणजे पानाला तीनशे शब्द धरले तरी पाच हजारांच्या जवळ, मोठ्यानं वाचायला पस्तीस मिनिटं तरी लागणार. रांगेत अजून वीसेक लोक. घड्याळात साडेबारा. माझ्याजागी कुणीही नाही म्हणालं असतं आणि त्यांचं चुकलं नसतं. वर आम्ही वाचनाचा कार्यक्रम दोन वर्षांपूर्वीच बंद केला होता, लोक कंटाळतात म्हणून, तेव्हा मी विरोध केला होता, की इंग्रज कादंबरीकार डिकन्स १८५८ पासून मरणाच्या काही महिने आधीपर्यंत तिकिटं लावून स्वतःची पुस्तकं वाचून दाखवायचा आणि हॉल भरायचे, पण माझं कुणी ऐकलं नव्हतं.

मी रांगेतल्या लोकांना सांगितलं, सह्या वाचनानंतर, ज्यांना घाई आहे त्यांनी चिठ्ठीसकट पुस्तक ठेवून जा, संध्याकाळी न्या. चार-पाच जण गेले. बाकीचे खुर्च्या ओढून बसले. मॅडमनी माइक नको म्हणून सांगितलं, काकांच्या शेजारची खुर्ची घेतली आणि पान ९७ काढलं.

काय वाचलं ते इथं नाही लिहीत. काका जमिनीकडे बघत ऐकत होते, आई दार उघडते तिथं त्यांनी एकदा मान वर केली. जो तरुण मुलगा रांगेत सगळ्यात जास्त चुळबूळ करत होता तो शेवटपर्यंत हलला नाही. वाचन संपलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुढच्या सेशनचे कवी दारात उभे होते आणि ते चिडले होते, ते बरोबरच होतं. त्यांचं सेशन वीस मिनिटं उशिरा सुरू झालं, त्यांचे प्रश्नोत्तरं मला कापावे लागले. मी माफी मागितली पण त्यांच्यासाठी लांबून आलेले दोन-तीन वाचक प्रश्न न विचारताच परतले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. यंदा मी सह्यांच्या पुढे पाऊण तास मोकळा ठेवलाय. दोन सेशन्स कमी झाले म्हणून कमिटीत वाद झाला, होऊ दे.

काकांना मॅडमनी विचारलं, कसं वाटलं. ते म्हणाले, ‘चांगलं आहे. पण मला तो न आलेलाच सवयीचा झालाय.’ त्यावर मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. सही काकांनी नावाच्या पानावर नाही घेतली, जुन्याच प्रतीत घेतली, दुसऱ्यांदा येणाऱ्या ९६ वर, जिथं खाली थोडी जागा कोरी आहे.

दुपारी मी आणि दोन व्हॉलंटिअरनी स्टॉलवरच्या त्या कादंबरीच्या सगळ्या प्रती पान ९६ पाशी उघडून बघितल्या. बाइंडिंगला चुकीच्या फर्म्याचा गठ्ठा लागला की एकच प्रत खराब होत नाही, मागोमागच्या अनेक होतात. अजून दोन निघाल्या. प्रकाशकांचा माणूस त्या परत पाठवायच्या खोक्यात टाकत होता, तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यातली एक मागून घेतली.