त्सुशिमातली एक उपाशी दुपार

हांगुल ही कोरियन लिपी मला वाचता येते, पण बालवाडीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर जोडत. म्हणून खानावळीच्या सरकत्या दारावर चिकटवलेल्या कागदातलं पहिलं अक्षर ‘हान’ आहे हे लागल्यावर मी उत्साहाने ओरडलो, "साहेब, तुमचं नाव लिहिलंय!" मग पुढची दोन अक्षरं लावली. गुक. इन. हान-गुक-इन, म्हणजे कोरियन माणूस. पुढची ओळ लावायची गरजच पडली नाही. हानसाहेब तोवर दोन पावलं मागे सरकून कालव्याच्या कठड्याशी उभे होते.

कोरियन गिऱ्हाइकांनी कृपया येऊ नये, असा मजकूर होता. जपानीत काही नाही, फक्त कोरियनमध्ये. ज्याला नको म्हणायचं त्याच्याच भाषेत, नम्रपणे, स्वच्छ अक्षरात.

मी दक्षिण कोरियात चांगवॉनला एका यंत्रांच्या कारखान्यात आहे, पाच वर्षं झाली. हानसाहेब माझे ग्वाजांग-निम, आपल्याकडच्या भाषेत सेक्शनचे साहेब. 2024 च्या ऑक्टोबरात शनिवार-रविवार गाठून आम्ही बुसानहून बोटीने त्सुशिमाला गेलो. बोट दीड तासाची. तो दीड तास मी पिशवी तोंडाशी धरून काढला, त्याबद्दल एवढंच पुरे. बोटीत पर्यटक कमी आणि गळ, शीतपेट्या घेतलेले कोरियन मासेमारच जास्त. बेट जपानचं, पण बुसान इथून जेमतेम पन्नास किलोमीटर आणि फुकुओका त्याच्या दुपटीहून लांब. हिताकात्सु बंदरावरून दक्षिणेला इझुहारा या मुख्य गावाला जायला बसने अडीच तास लागतात. रस्ता इतका वळणाचा, की बोट बरी वाटली.

खानावळ हानसाहेबांनीच निवडलेली. 2018 मध्ये ते इथे आले होते तेव्हाचं उदोन, म्हणजे रश्शातल्या जाड शेवया, त्यांच्या जिभेवर होतं. वाटेतली तीन बरी दुकानं त्यांनी मला ओलांडायला लावली. "थांब, मला जागा माहितीये."

आणि आता दार सरकलं. साठीच्या बाई बाहेर आल्या. आधी माझ्याकडे, मग साहेबांकडे बघितलं, मला हाताने आत यायची खूण केली आणि त्यांच्याकडे बघून किंचित वाकल्या. ते वाकणंच जास्त लागलं. आतून रश्शाचा वास येत होता. साहेब म्हणाले, "तू जा. मला भूक नाही." बाराचा ठोका पडल्यावर पाच मिनिटंही जेवणाला उशीर न करणारा हा माणूस!

कबूल करतो, मी विचार केला. दोन-तीन सेकंदच, पण तेवढ्यात त्यांनी माझ्या चेहऱ्यावरची भूक वाचली. मग मी बाईंना नको म्हणालो आणि शेजारच्या गल्लीत वळलो, तर तिथे एका दुकानाच्या चौकटभर हांगुलमध्ये ‘स्वागत’, ‘करमुक्त’, ‘दोन घ्या’. काउंटरवरची मुलगी साहेबांशी माझ्यापेक्षा दसपट चांगलं कोरियन बोलली. ओनिगिरी, म्हणजे भाताचे सारण भरलेले गोळे, घेतल्या आणि कालव्याकाठी बसून खाल्ल्या. माझ्यातला भात थंडगार आणि मधे खारट माशाचा गोळा. त्याची चव सांगण्यासारखी नाही.

मी त्या बाईंना शिव्या घालायला लागलो, तर साहेब त्यांचीच बाजू घेऊ लागले. आमचे लोक चौघांत एक वाटी मागवतात, पिशवीतून स्वतःचं किमची आणि सोजूची दारू काढतात, आरडाओरडा करतात. मी म्हटलं, "हो, तेही खरंच." झालं, लगेच बिनसलं. स्वतःच्या लोकांबद्दल आपण बोलायचं असतं, दुसऱ्याने माना डोलवायच्या नसतात.

शिवाय मूर्तीचं प्रकरण आहेच. 2012 मध्ये कोरियन चोरांनी इथल्या कान्नोन-जी देवळातून बोधिसत्त्वाची काशाची मूर्ती पळवली, दोन वीतभर उंचीची. चोर कोरियात पकडले गेले, पण सोसानचं बुसोकसा देऊळ म्हणालं, ही तर आमचीच. मूर्तीच्या पोटात 1330 चा कागद सापडला होता, त्यात ती बुसोकसात घडवल्याचं लिहिलेलं. चौदाव्या शतकात जपानी चाच्यांनी लुटून नेली, असा त्यांचा दावा. 2017 मध्ये खालच्या कोर्टाने ती बुसोकसाला दिली, 2023 मध्ये वरच्या कोर्टांनी निकाल फिरवला. आम्ही गेलो तेव्हा मूर्ती कोरियातच होती, ती परत आली 2025 च्या मे महिन्यात. चोरीनंतर बेटाने जुन्या कोरियन राजदूतांच्या आठवणीची मिरवणूकसुद्धा एक वर्ष काढली नव्हती. चोराकडून चोरलं तर ती चोरी का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, "ओनिगिरी खा."

गंमत म्हणजे हे बेट जगलंच मुळी कोरिया आणि जपान या दोन घरांच्या मधे उभं राहून. डोंगराळ जमीन, भात फारसा पिकत नाही, पोट कोरियाशी होणाऱ्या व्यापारावर. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने 1592 मध्ये कोरियावर सैन्य घातलं आणि तो व्यापार बुडाला. लढाई संपल्यावर बेटावर राज्य करणाऱ्या सो घराण्याने चक्क दोन्ही दरबारांची पत्रं बदलली, खोटे शिक्के करवले आणि संबंध पुन्हा जुळवून आणले. ते उघडकीला आलं 1630 च्या दशकात. मला हे घराणं फार आवडलं. भांडणाऱ्या भावांचे निरोप गोड करून सांगणारी एखादी आत्या असते ना, तसं.

पोट थोडं भरल्यावर साहेब बोलायला लागले. कोरियावर जपानची सत्ता असताना, 1944 मध्ये, त्यांच्या आईच्या वडिलांना जपानमधल्या क्यूशूच्या कोळसा खाणीत नेलं होतं. परत आले, पण फुप्फुसं गेलेली. जपान म्हणतं, 1965 च्या करारात तीस कोटी डॉलर दिले, वीस कोटींचं कर्ज दिलं, हिशेब मिटला. "त्यातलं माझ्या आजोबांकडे काय आलं?" 2018 च्या ऑक्टोबरात कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मजुरांना जपानी कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला, पुढच्या जुलैत जपानने चिप बनवायला लागणाऱ्या तीन मालांच्या निर्यातीवर बंधनं घातली, आणि कोरियात ‘नो जपान’, म्हणजे जपानी मालावर बहिष्कार, सुरू झालं. हानसाहेबांनी जपानी बिअर सोडली. इथे 2018 मध्ये चार लाखांवर कोरियन आले होते, बेटाची वस्ती तीस हजारांच्या आसपास. गर्दी एकदम ओसरली. कोरियन नकोत म्हणणाऱ्या गावाला कोरियन नसल्यावर काय होतं तेही कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बोटीआधी टॅक्सी करून उत्तर टोकाच्या ‘कोरिया दर्शन’ मनोऱ्यावर गेलो. धुकं. बुसान दिसलं नाही, समोरच्या बेटावरचा जपानी लष्कराचा रडारतळ मात्र स्वच्छ दिसला. माझ्या फोनने ‘कोरियात स्वागत आहे’ असा मेसेज दिला.

जाताना बोटीत साहेबांनी तो ठरलेला विनोद केला होता, की दाएमादोसुद्धा आमचंच. त्सुशिमाचं हे कोरियन नाव. 2005 मध्ये जपानच्या शिमाने प्रांताने 22 फेब्रुवारी हा ‘ताकेशिमा दिन’ ठरवला, म्हणजे कोरियाच्या ताब्यातल्या दोकदो बेटांवर (जपानी नाव ताकेशिमा) हक्क सांगितला, तेव्हा मासान शहराच्या (आता ते आमच्या चांगवॉनमध्येच मिसळलंय) नगरसभेने उलटून ‘दाएमादो दिन’ ठरवला. फिट्टंफाट. मनोऱ्यावर मात्र ते विनोद विसरले आणि शेजारच्या स्मारकावरची नावं वाचत बसले. 1703 मध्ये इथल्याच समुद्रात बुडालेल्या कोरियन दुभाष्यांच्या पथकाचं ते स्मारक. शंभराहून जास्त माणसं. किनारा दिसत असताना गेली. साहेब एकेक नाव ओठातल्या ओठात वाचत होते, मी वाचतो तसं सावकाश.

बुसानला उतरल्यावर धक्क्यावरच्या बाकावर त्यांनी बॅग उघडली. आत कासुमाकीचं खोकं होतं, त्सुशिमाची खासियत, केकच्या गुंडाळीत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण. जपानी वेष्टन त्यांनी सावकाश सोडवलं, घडी करून कचऱ्यात टाकलं आणि आतले तुकडे बुसानच्या एका बेकरीच्या कागदी पिशवीत भरले. पिशवी घरून आणलेली होती.

"आईला?"

"तिच्या घरात जपानी वस्तू येत नाही. कधीच नाही."

"मग?"

"मागच्या वेळी आठ नेले होते. दोन दिवसांत संपवले," ते म्हणाले, आणि पिशवीचं तोंड दुमडून वर स्टेपलर मारला.